कोर्टहाउस लीगची आर्लीन

लिंडेन क्रीकच्या जिल्हा कोर्टात आर्लीन सेडलाचेक चौतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेत बसली. चोर, भांडकुदळ शेजारी, घटस्फोट घेणारी जोडपी, साक्षीला आलेले डॉक्टर, सगळे तिच्यासमोर बोलून गेले. तिने स्वतः त्या खोलीत तोंड उघडायचं ते एकाच वाक्यासाठी, "जरा पुन्हा सांगा." बाकी सगळा वेळ मान खाली आणि बोटं चालू. त्यामुळे गावात बऱ्याच जणांची समजूत होती की बाई अबोल आहे. हे ऐकून तिच्या नवऱ्याला, एल्डनला, हसू आवरायचं नाही.

"अबोल? एप्रिल ते ऑक्टोबर आमच्या घरी राहायला या," तो म्हणायचा. "कान किटतील."

बेसबॉलचा हंगाम एप्रिलला सुरू होतो आणि ऑक्टोबरला संपतो. एल्डनला त्या खेळात काडीचा रस नव्हता. तो वीज मंडळाचा लाइनमन. आयुष्यभर खांबांवर चढला, आणि निवृत्तीनंतर त्याला गाडीत बसून रेडिओवर पोल्काची नाचगाणी ऐकण्याखेरीज दुसरं काही नको होतं. पण आर्लीनला मॅचला घेऊन जायचं काम त्याने कधी टाळलं नाही. ती मैदानावर, तो पार्किंगमध्ये. असा त्यांचा संसार.

कोर्टहाउस लीग सुरू केली ती जज हॅलोरन यांनी, १९८३ साली. दहा जण मार्चमध्ये एकत्र जमायचे आणि देशभरातल्या मोठ्या संघांचे खरे खेळाडू आपसांत पाळीपाळीने वाटून घ्यायचे. प्रत्येकाचा एक कागदावरचा संघ. मग त्या खेळाडूंनी खऱ्या मैदानावर जे काही केलं त्याचे गुण ज्याच्या त्याच्या संघाला. शिवाय प्रत्येकाला तीन जागा अशा मुलांसाठी राखून ठेवता येत, जी अजून मोठ्या संघांत पोचलेली नव्हती. या जागांना सगळे 'पाळणा' म्हणत. पाळण्यातल्या मुलाचे गुण शून्य. पुढे तो वर पोचला तरच त्याचा उपयोग. बहुतेक जण पाळण्यात कुणालातरी टाकून विसरून जात.

१९८५ मध्ये लीगमधला दातांचा डॉक्टर कोलोरॅडोला निघून गेला आणि दहावी खुर्ची रिकामी झाली. यादी टाइप करून द्यायला आलेली आर्लीन म्हणाली, "मी बसते."

गावचा न्हावी मर्ल टॉमचेक तिथेच होता. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं, आणि कुणाची टोपी उडवल्याशिवाय दिवस न गेलेला माणूस. "बस की, आर्लीन," तो म्हणाला. "कुणीतरी शेवटी यायलाच हवं ना!"

त्या वर्षी तिने आपल्या पाळण्यात तीन अशी नावं घातली, जी टेबलावरच्या एकाही माणसाने ऐकलेली नव्हती. मर्लने हसून हसून डोळे पुसले. तीन वर्षांनी त्यातले दोघे मोठ्या संघांत रोज खेळत होते आणि आर्लीनच्या संघाने लीग जिंकली होती. मर्ल चार दिवस तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी दुकानातून फोन करून म्हणाला, "बरं, सांग. कसं ओळखलंस?"

खरं सांगायचं तर तिच्याकडे जादू काही नव्हती. ती जाऊन बघायची, एवढंच. शनिवारी, रविवारी, सुट्टी काढून, दोनशे-तीनशे मैलांच्या टप्प्यात शाळा-कॉलेजांचे आणि छोट्या संघांचे सामने. सोबत कॉफीचा थर्मास, कोबी-खिमा भरलेला रन्झा, आणि आखलेली वही. बाकीचे लोक चेंडू कुठे गेला ते बघत. ती चेंडू गेल्यावर मुलगा काय करतो ते बघायची. सोबत्याने सोपा झेल सोडला की चेंडू फेकणाऱ्या पिचरचे खांदे कुठे जातात? एकदा फसलेला बॅटर पुन्हा त्याच चेंडूला फसतो का? नऊ धावांनी हरत असताना पळतो का? कोर्टात तिने हजारो साक्षीदार पाहिले होते. तोंडाने 'नाही' म्हणणाऱ्या माणसाचे हात टेबलाखाली काय करतात ते बघायची सवय तिला तिथेच लागली होती.

ती वही लघुलिपीत लिहायची. जुनी पेनाची लघुलिपी, जी आता गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. मध्येमध्ये मुलांच्या हातापायांची छोटी चित्रं. आणि प्रत्येक वहीच्या शेवटी एक पान असायचं, वर मोठ्या अक्षरांत 'चुकले'. ते पान कधी रिकामं नसे. कॅन्ससमधल्या एका उंच बॅटरला तिने चार वर्षं पाळण्यात जपलं, आणि तो शेवटी छपरांची कामं करायला लागला. "त्याच्या उभं राहण्यावर भाळले," तिने लिहिलं होतं. "बॅट चेंडूला लागते की नाही ते बघायला विसरले."

१९९३ मध्ये जजसाहेब थकले आणि लीग कुणाकडे द्यायची हा प्रश्न आला. त्याच सुमाराला मर्ल आणि उपशेरीफ यांच्यात एका अदलाबदलीवरून जुंपली. एक म्हणे ठरलं होतं, दुसरा म्हणे नुसतं बोलणं झालं होतं. जजसाहेबांनी कोपऱ्यात बसलेल्या आर्लीनकडे पाहिलं. "तू होतीस ना खोलीत?"

आर्लीनने डोळे मिटले आणि दोन आठवड्यांपूर्वीचं सगळं संभाषण शब्दाशब्दाने म्हणून दाखवलं. मर्लच्या शिव्यांसकट. कुठे खोकला झाला तेही. उपशेरीफ हसता हसता खुर्चीवरून घसरला.

"ठरलं होतं," मर्ल म्हणाला. "च्यायला, मी खरंच असं बोललो?"

त्या दिवसापासून ती लीगची कमिशनर. तिने चार पानांचे नियम लिहिले. नऊ जणांसाठी ते सोपे होते. स्वतःसाठी मात्र तिने एक अवघड कलम घातलं. कमिशनरला अदलाबदल करायची असेल तर तो कागद तीन दिवस मर्लच्या दुकानात भिंतीवर लावायचा, कुणाही एकाने हरकत घेतली की सौदा रद्द. कुणी मागितलं नव्हतं, तरी घातलं.

आता २००६ सालाकडे येऊ. आर्लीन बासष्ट वर्षांची, कोर्टातून निवृत्त. त्या वसंतात पंचक्रोशीत एकच नाव होतं, डॅरिन ओल्डेनबर्ग. अठरा वर्षांचा, शेजारच्या गावचा, उजव्या हाताचा पिचर. बाप गॅरी गुरांच्या खाद्याचा ट्रक चालवायचा. पोरगा ताशी पंचाण्णव मैल वेगाने चेंडू फेकायचा. जूनच्या सुरुवातीला मोठे संघ देशभरातली मुलं पाळीपाळीने निवडतात, त्यात हा पहिल्या दोन फेऱ्यांत जाणार असं सगळे धरून चालले होते. आर्लीनने त्याला तो पंधराचा असतानाच हेरून पाळण्यात घातलं होतं. तेव्हा त्याचा वेग ऐंशीच्या आसपास होता आणि दाढीही फुटली नव्हती.

मेच्या पहिल्या शनिवारी लिंडेन क्रीकच्या मैदानावर त्याची मॅच होती. दुपारचा वारा असा की टोप्या उडत होत्या. जाळीमागे मोठ्या संघांसाठी मुलं हेरणारे सहा स्काउट वेग मोजायची यंत्रं रोखून उभे. त्यातला वेंडेल प्रूइट आर्लीनच्या ओळखीचा. वीस वर्षं या भागात फिरणारा, मोटेलच्या खाण्यावर जगणारा, सज्जन माणूस. तो तिच्या शेजारी बसला.

"पंचाण्णव," वेंडेल यंत्र तिच्यासमोर धरून म्हणाला. "पुन्हा पंचाण्णव. आर्लीन, बघतेस ना?"

"बघतेय," ती म्हणाली.

ती बघत होती ते वेगळंच. चौथ्या डावापासून प्रत्येक वळणाऱ्या चेंडूनंतर डॅरिन चेंडू फेकायच्या उंचवट्यामागे जाऊन बुटाची नाडी बांधत होता. सुटलेली नसताना. डाव संपला की बाकावर पाण्याच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडत होता. आणि चेंडू सुटताना त्याचा हात एप्रिलमध्ये टोपीच्या वर असायचा, तो आज कानाजवळ आला होता. तिने वहीची मागची पानं उलटली. एप्रिलचं चित्र, आजचं चित्र. चार बोटांचा फरक.

"काय लिहिलंस एवढं?" वेंडेलने विचारलं.

"वारा फार आहे," आर्लीन म्हणाली, आणि वही मिटली.

गाडीत बसल्यावर तिने एल्डनला पोल्का बंद करायला लावली. "त्या पोराचं कोपर गेलंय," ती म्हणाली. "त्याला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला नाही."

एल्डनने गाडी सुरू केली नाही. त्याने विचारलं, "तू आता काय करणार?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं. स्काउटांना सांगावं तर पोराच्या आयुष्याचा फैसला आपण त्याच्या पाठीमागे केला असं होणार. गप्प बसावं तर महिनाभर तो असाच फेकत राहणार.

रविवारी चर्चमधून बाहेर पडल्या पडल्या मर्लने तिला गाठलं. त्याचा संघ त्या वर्षी तळाला होता आणि त्याला पुढची बेगमी करायची होती. "आर्लीन, डॅरिन मला दे," तो म्हणाला. "बदल्यात माझा पहिल्या बेसवरचा खेळाडू घे." तो पहिल्या बेसवरचा म्हणजे वर्षाला चाळीस होम रन, थेट मैदानाबाहेर जाणारे फटके, मारणारा गडी. आर्लीनच्या संघाला नेमकी तीच एक जागा अडली होती. तो आला असता तर त्या वर्षीची लीग तिने खिशात घातल्यासारखीच होती.

"नाही," आर्लीन म्हणाली.

"नाही? अगं, तीन दिवस भिंतीवर लाव, सगळे हो म्हणतील. माझ्यासारखा येडा पुन्हा भेटणार नाही तुला!"

"तू येडा आहेस म्हणूनच नाही."

"म्हणजे?"

तिला सांगता येईना. मर्लला सांगायचं म्हणजे दुपारपर्यंत दुकानाला, आणि संध्याकाळपर्यंत तालुक्याला. ती नुसती म्हणाली, "मला तो ठेवायचाय, मर्ल."

मर्लचं तोंड लाल झालं. "हावरट आहेस. सगळ्यांना न्याय शिकवतेस आणि स्वतः मात्र एकालाही सोडत नाहीस!" तो तरातरा निघून गेला. चर्चच्या पायऱ्यांवर निम्मं गाव उभं होतं. एकवीस वर्षांत लीगमध्ये तिला हावरट कुणी म्हटलं नव्हतं. ते तिने गिळलं आणि गाडीत जाऊन बसली.

सोमवारी सराव संपल्यावर ती डॅरिनच्या शाळेच्या मैदानावर गेली. पोरं पांगली होती, तो एकटा बॅगा भरत होता. डाव्या हाताने.

"तुम्ही त्या वहीवाल्या बाई ना?" तो म्हणाला. "मिसेस सेडलाचेक."

"कोपर कधीपासून दुखतंय?"

"कुणाचं?"

आर्लीनने वही उघडून दोन्ही चित्रं त्याच्यापुढे धरली. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने मान फिरवली. "वारा होता त्या दिवशी."

"मी पण तेच सांगितलं त्या स्काउटला."

 तो एकदम उसळला. "तुम्हाला काय करायचंय? तुमच्या त्या कागदी खेळात माझं नाव आहे, माहितेय मला. तुमचे गुण बुडतील म्हणून आलात?"

हा घाव नेमका वर्मी लागला, कारण शनिवारी पहिल्या क्षणी तिच्या मनात तोही विचार येऊन गेला होता. ती बाकावर बसली. "काल तुला देऊन टाकायची संधी होती मला," ती म्हणाली. "पहिल्या बेसवरचा मिळत होता." आणि तिने नाव सांगितलं.

डॅरिनने मान वळवली. "तो? चाळीसवाला?"

"तोच."

"आणि तुम्ही नाही म्हणालात? माझ्यासाठी? असल्या हातासाठी?" तो हसायलाच लागला. "बाई, तुम्हाला खेळ कळतो असं सगळे म्हणतात!"

"चुकांचं वेगळं पान आहे माझं. हवं तर दाखवते."

तो हसता हसता तिच्या शेजारी येऊन बसला, आणि मग हसू थांबलं. मार्चपासून, तो म्हणाला. सकाळी शर्टाचं बटण लागत नाही. बाबांना माहीत नाही. बाबा रोज ट्रकवरून आले की विचारतात, आज किती? पंचाण्णव सांगितलं की त्यांचा दिवसभराचा शीण जातो. "एक महिना, बाई. निवड झाली की मग सांगणार होतो."

"मी कुणाला सांगणार नाही," आर्लीन म्हणाली. "वेंडेलला नाही, मर्लला नाही. पण महिन्याभरात ते कोपर असं तुटेल की नंतर शिवायलाही काही राहणार नाही. कोपर तुझं आहे. तू ठरव. माझ्याकडे तुझी जागा आहे. दोन वर्षं चेंडू हातात धरला नाहीस तरी ती हलत नाही."

ती उठली. तो तिथेच बसून राहिला. मागे वळून बघू नये असं तिने ठरवलं होतं, पण गाडीपर्यंत जाताना दोनदा बघितलंच.

गुरुवारी गॅरी ओल्डेनबर्गचा ट्रक तिच्या दारात थांबला. एल्डन आधी बाहेर गेला, काही झालं तर आपण मध्ये असावं म्हणून. गॅरी टोपी हातात घेऊन पायरीशी उभा राहिला. लिंकन शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आतला बंध अर्ध्याहून जास्त फाटलाय. शस्त्रक्रिया करायची, आणि पुढचं दीड वर्ष विसरायचं.

"मी जाळीमागेच बसायचो," गॅरी म्हणाला. "प्रत्येक मॅचला. तुमच्याहून जवळ. मी फक्त आकडा बघायचो."  आर्लीनने त्याला आत बोलावलं, जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, पुढे ठेवले. त्याने चार खाल्ले आणि गेला.

जूनमध्ये पन्नास फेऱ्या झाल्या. डॅरिनचं नाव कुणी पुकारलं नाही.

गोष्ट तोवर सगळीकडे पसरली होती. वेंडेलने फोन केला. "त्या शनिवारी तुला कळलं होतं."

"हो."

"आणि मला म्हणालीस, वारा आहे."

"वाराही होताच," आर्लीन म्हणाली. "वेंडेल, त्याला पारखायचा पगार तुला मिळत होता."

 वेंडेल म्हणाला, "पुढच्या शनिवारी कुठे असशील?" त्या दिवसापासून तो पहिले तीन डाव यंत्र पिशवीतच ठेवायला लागला. पुढे त्याने आपल्या संघाकडे शब्द टाकला आणि त्यांनी आर्लीनला या भागातली आपली हंगामी निरीक्षक नेमलं. एक पत्र आलं आणि एक टोपी. टोपी तिला मोठी झाली, म्हणून एल्डन घालतो.

मर्ल मात्र आठवडाभर फिरकला नाही. मग एका सकाळी आला, दारातच उभा राहिला. "तू मला पार लुटू शकली असतीस," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी वरून तुला पार्टी दिली असती."

"तेही खरं."

"हावरट म्हणालो मी तुला. सगळ्यांसमोर." तो पायाने पायपुसणं सरळ करत राहिला. मग दुकानात गेला आणि जो जो केस कापायला खुर्चीत बसला त्याला त्याने स्वतःची ही फजिती सांगितली, महिनाभर, रंगवून रंगवून. चर्चच्या पायऱ्यांवर जे ऐकायला होते त्यांच्यापैकी एकही सुटू नये, अशी त्याने काळजी घेतली. त्याची माफी मागायची तीच रीत. त्या वर्षी आर्लीन चौथी आली. मर्ल शेवटचा.

डॅरिनला पुन्हा फेकायला दीड वर्ष लागलं. कॉलेजात तो परतला तेव्हा वेग एक्क्याण्णव होता, पण आता तो डोक्याने फेकायचा. २०१० मध्ये खूप खालच्या फेरीत त्याला एका संघाने उचललं. तीन हंगाम तो लांब लांबच्या गावांत बसने हिंडत खेळला, मोठ्या संघाच्या एक पायरी खालपर्यंत गेला. तिथे खांद्याने दगा दिला आणि ते तिथेच थांबलं. मोठ्या मैदानावर त्याने एकही चेंडू टाकला नाही. आर्लीनच्या संघाला त्याच्याकडून एकही गुण मिळाला नाही, आणि ती जागा मात्र तिने शेवटच्या दिवसापर्यंत दुसऱ्या कुणाला दिली नाही. मर्ल दर मार्चला विचारायचा, "काय गं, तुझं बाळ पाळण्यातच का अजून? मिशा आल्या असतील!" ती म्हणायची, "तू तुझ्या तळाची काळजी कर."

त्याचं नाव 'चुकले'च्या पानावर मात्र तिने कधी लिहिलं नाही.

डॅरिन आता आपल्याच जुन्या शाळेत मुलांना खेळ शिकवतो. आर्लीन एकोणऐंशीची आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले. लीग कधीच कॉम्प्युटरवर गेली, आणि तिथे मर्लच्या जागी त्याची मुलगी खेळते, बापापेक्षा धूर्त. तरी भांडण झालं की फोन आर्लीनलाच येतो.

गेल्या एप्रिलमध्ये डॅरिनने तिला मुद्दाम बोलावलं. त्याच्याकडे एक डावखुरा आहे, सोळा वर्षांचा, किडकिडीत. आर्लीनने पाच डाव पाहिले.

"पुढचा पाय लवकर उघडतो," ती म्हणाली.

"तो तसाच बरा आहे, बाई. मी बदलणार नाही."

"वर्षभरात गुडघा धरून बसेल."

"अजिबात नाही. त्याची कंबर बघा ना, पाय काय बघताय!"

"कंबर बघूनच बोलतेय. मला कंबर शिकवतोस?"

"तुम्हाला नाही शिकवणार तर कुणाला! लिहा तुमच्या वहीत. दोन वर्षांनी उघडून बघू."

दोघंही इरेला पेटले होते. जाळीमागे बसलेल्या आया वळून बघायला लागल्या. पार्किंगमधून एल्डनने दोनदा हॉर्न वाजवला, रन्झा थंड होत होते. आर्लीनने हात वर करून त्याला थांबायची खूण केली आणि वहीत नवं पान उघडलं.